नवसीची दहा घराणी

मुलाखतीला आलेल्या माणसाला मी एकच गोष्ट सांगतो: भिंगाला डोळा लावा आणि दिसेल ते बोला. पदवी घेऊन आलेली पोरं डोळा लावल्या लावल्या पुस्तकातला धडा म्हणायला लागतात. नवसीने डोळा लावला आणि बोललीच नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाहेर बाकावर आणखी चौघं खोळंबली होती, आणि माझा स्वभाव काही शांत म्हणून पालघरात प्रसिद्ध नाही. "अगं, दिसतंय का काही?" मी वैतागून विचारलं.

"थांबा सर, मोजते," ती म्हणाली. मग मान वर न करताच म्हणाली, "हिच्या पोटात अकरा अंडी हायेत. शेजारणीच्या नऊ. आणि ती कडेची म्हातारी, तिचं संपलंय."

मी तिला बाजूला सारून स्वतः पाहिलं. अकरा. नऊ. आणि कडेला एक म्हातारी अळी, अंडी संपलेली. बाहेरच्या चौघांना चहा पाजून मी घरी पाठवलं.

नवसी मनोरच्या पुढे डोंगरात राहणाऱ्या वारली घरातली. शिक्षण बारावीपर्यंत. त्याआधी सहा वर्षं बोईसरला एका औषधाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशेजारी उभी राहून तुटक्या गोळ्या वेचायची. दिवसाला हजारो गोळ्या डोळ्यांखालून जायच्या आणि एखादी टवका उडालेली निसटली की "अंधी है क्या?" ऐकावं लागायचं. तिथून सुटून ती आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आली. जागा तात्पुरती, एका संशोधनापुरती, दर मार्चला नव्याने मुदत वाढवून मिळणारी. पुन्हा त्या पट्ट्याशी जायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिने मनाशी धरली होती. आणि माझ्याविषयी तिला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं की आधीच्या मदतनिसाने दोन प्लेटांची अदलाबदल केली, तेव्हा सरांनी त्याला डबा खायलासुद्धा थांबू दिलं नाही. खरं आहे ते. मला त्याची लाज वाटायला बरीच वर्षं लागली.

हे सांगणारी तेजल. ती माझी संशोधक विद्यार्थिनी, किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मच्छीमार घरातली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. आमच्या खोलीत आम्ही तिघं आणि लाखभर अळ्या, एवढाच संसार.

ही अळी मिलिमीटरभर लांब, काचेसारखी आरपार. माती आणि कुजकी फळं हे तिचं माहेर. पालघरजवळच्या आमच्या माहीमच्या वाडीत केळीच्या बुंध्याशी चमचाभर माती उचलली तर तिच्या भावकीतलं कुणी ना कुणी सापडेलच. नर क्वचित जन्मतो. बाकी सगळ्यांच्या एकाच शरीरात दोन्ही तयारी असते, लग्नाची गरज नाही. हे सांगितलं तेव्हा नवसी हसून तेजलला म्हणाली, "नवराच लागत नाय? बरं हाय बाई हिचं!" त्या दिवसापासून आम्ही एकेका अळीच्या वंशाला "घराणं" म्हणू लागलो. अमक्या घराण्यात पोरं किती, तमक्या घराण्याचं कसं चाललंय, अशी आमची शास्त्रीय भाषा.

आमचा विषय जरा चमत्कारिक आहे, पण सांगतो. पेशीतलं जनुक हुकूम सोडतं. तो हुकूम आरएनएच्या लांब पट्टीवर उतरतो आणि कामाला निघतो. पण त्याच अक्षरांचा एखादा लहान तुकडा पेशीत हिंडत असेल, तर तो त्या लांब पट्टीला बरोबर हुडकून काढतो आणि तिची चिंधी होते. हुकूम सुटतो पण पोचत नाही. जनुक जागच्या जागी असून गप्प. त्याहून मोठं नवल असं की हे अळीला चक्क खाऊ घालता येतं. जिवाणूंत तो तुकडा भरायचा, अळी ते जिवाणू खाते आणि तिचं ते जनुक गप्प होतं. तिच्या पोरांचंही होतं. कधी कधी नातवंडांचंही. आजीने खाल्लेलं नातीला लागू! एकतीस वर्षं शिकवतोय, पण हे वाक्य बोलताना माझा आवाज अजून बदलतो.

आमच्याकडच्या अळ्यांत एक जनुक मोडलेलं होतं. त्याने दोन गोष्टी बिघडल्या होत्या. एक, खाऊ घातलेला तुकडा त्यांना लागू पडत नसे. दुसरी, त्यांना जरा उबेत वाढवलं की त्यांचा वंश हळूहळू खुंटत जाई. पहिल्या पिढीत दीडशे पोरं, सातव्या पिढीत पन्नास, बाराव्या-तेराव्या पिढीत एकही नाही. बीजपेशींत, म्हणजे ज्यांतून पुढची पिढी निघते त्या पेशींत, काही जनुकं जन्मभर गप्प राहावी लागतात. त्यांनी तोंड उघडलं की बीजपेशी आपण कोण हे विसरत जाते. म्हणजे गप्प करण्याचं काम आणि बी सांभाळण्याचं काम, दोन्ही एकाच जनुकाच्या गळ्यात.

एकदा दुपारी तेजलने नवसीला लॅपटॉपवर एक चित्रफीत दाखवली. नुकतंच फळलेलं अंडं, एकच पेशी, आणि तिच्यात हिरवे चमकणारे बारीक दाणे. या दाण्यांतच ती गप्प करणारी यंत्रणा बसलेली असते. पेशी दोन व्हायच्या आधी ते विखुरलेले दाणे एकेक करून एका टोकाला दिसेनासे आणि दुसऱ्या टोकाला दाट होत जातात. मग पेशी दुभंगते. दाणे ज्या अर्ध्यात, त्याच्या पोटी पुढे बीजपेशी जन्मतात. दुसऱ्या अर्ध्याचं नुसतं शरीर.

नवसीने ती चित्रफीत चारदा बघितली. मग म्हणाली, "म्हंजे हिचं तोंड नाय, शेपूट नाय, अजून काहीच झालं नाय. आणि पयलं काय केलं, तर बी बाजूला काढून ठेवलं."

मी तिथेच खडू हातात घेऊन उभा होतो. हे मी वर्गात पाऊण तास शिकवतो आणि पोरांच्या डोळ्यांत झोप दिसते. माझ्या अंगावर काटा आला, पण कौतुक करायची सवय नसल्यामुळे मी म्हटलं, "बरं, प्लेटा कोण धुणार?"

गणपतीनंतर मोठा प्रयोग लावला. त्या मोडक्या जनुकाच्या अळ्यांची वीस घराणी. दहा तेजलकडे, नेहमीच्या जिवाणूंवर. दहा नवसीकडे, दुसऱ्या एका जातीच्या जिवाणूंवर. खाणं बदललं तर वंश खुंटायला वेळ लागतो का, हे बघायचं होतं. दर तीन दिवसांनी नवी पिढी. प्रत्येक पिढीतून सहा तरुण अळ्या प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाने उचलून नव्या प्लेटवर ठेवायच्या. "कोणत्या सहा?" नवसीने विचारलं होतं. "हाताला येतील त्या," मी म्हटलं आणि पुढे चालू लागलो. एवढंच सांगितलं मी.

तेराव्या पिढीपर्यंत तेजलच्या दहांपैकी आठ घराण्यांचे दिवे विझले. उरलेली दोन कशीबशी तग धरून होती. आणि नवसीची? दहाच्या दहा नांदत होती! पंधराव्या पिढीत नांदत होती, सतराव्या पिढीत नांदत होती. मी रोज सकाळी येऊन आधी तिच्या प्लेटा बघायचो. नुसत्या खाण्याने बुडता वंश तरतो! मनातल्या मनात मी किती मांडे खाल्ले ते विचारू नका. पुण्याच्या परिषदेत तेजलने वाचायच्या निबंधाचा सारांश धाडून दिला, प्राचार्यांना सांगितलं, घरी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "दोन्हीकडे हात एकाच माणसाचा होता का?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. पहिल्या वर्षाच्या पोराने असा प्रयोग मांडला असता तर मी त्याला नापास केलं असतं. स्वतःच्या बाबतीत ते सुचलं नाही.

दिवाळीआधी नवसी भातकापणीला चार दिवस गावी गेली. जाण्याआधी तेजलने तिला पुण्याला न्यायचा तक्ता दाखवून समजावलं होतं की बघ, तुझ्या घराण्यांना या खाण्याने वाचवलं. पाचव्या दिवशी नवसी परत आली तेव्हा तिच्या हातात धुऊन, घडी घालून आणलेला अ‍ॅप्रन होता. तो तिने माझ्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"सर, ते खाण्यानं नाय झालं. माझ्या हातानं झालं."

मग तिने सांगितलं. कापणी सुरू करायच्या आधी तिचा बाप जिवल्या एकटाच शेतात उतरतो. शेताच्या मधोमध जातो, कडेचं घेत नाही. सगळ्यांत भरदार लोंब्या बघून बघून खुडतो, त्यांची जुडी बांधतो आणि चुलीच्या वर धुरात टांगतो. ते पुढच्या वर्षाचं बी. त्याला घरात कुणी हात लावत नाही, उपास पडला तरी. ते झालं की मग बाकीच्यांनी विळे घ्यायचे. यंदा बापाचे गुडघे दुखत होते, म्हणून त्याने नवसीला बरोबर नेलं. तिचा हात आपोआप चांगल्या लोंबीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिला भिंगाखालची प्लेट आठवली.

"तुमी सांगितलं, हाताला येतील त्या घ्या. माझ्या हाताला चांगल्याच आल्या, सर. दर वेळी. मी मुद्दाम नाय केलं. पण वाईट बी उचलायला हात पुढं होतच नाय. आमच्यात कोण करतच नाय तसं." "चार दिवस झोप नाय मला. गप बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तेजलताई पुण्याला सगळ्यांसमोर खोटं बोलून आली असती, तिला ठाऊक नसताना."

मी ओरडलो. खोटं कशाला सांगू, बराच ओरडलो. हे काय तुझ्या बापाचं शेत वाटलं का, असंही म्हणालो. ती खाली बघून उभी राहिली. तेजल मधे पडली, "सर, पण त्या तरुण अळ्यांत चांगली-वाईट दिसतेच कुठे? मला तर सगळ्या सारख्या दिसतात."

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आम्ही उचलतो त्या वयाच्या अळीत अंडी नसतात, काही नसतं. एकाच घराण्याच्या पोरी, जनुकांचं अक्षर न् अक्षर सारखं. त्यांतली कोणती पुढे वांझ निघणार हे भिंगाखाली नुसतं बघून सांगता येतं, असं मी कुठे वाचलं नव्हतं. रागाच्या भरात मी म्हटलं, "ठीक आहे. दाखव."

तेजलच्या तगलेल्या दोन घराण्यांपैकी एकाच्या चोवीस तरुण अळ्या आम्ही चोवीस खणांच्या प्लेटमध्ये एकेक करून ठेवल्या. नवसीने प्रत्येक खण बघितला आणि कागदावर फुली किंवा गोल काढला. मग मीही बघितलं आणि माझ्या कागदावर फुल्या-गोल काढले. दोन्ही कागद तेजलने कपाटात कुलूपबंद केले. मग तीन दिवस वाट बघायची होती. नवसी रोज वेळेवर यायची, प्लेटा धुवायची, तारेला मात्र हात लावायची नाही. तो अ‍ॅप्रन तसाच टेबलावर पडून होता.

तिसऱ्या दिवशी तेजलने खण उघडून मोजलं. तेरा खणांत अळी एकटीच होती. अकरांत पोरं वळवळत होती. मग कागद काढले. माझी चोवीसांतली बारा उत्तरं बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी तेवढी आली असती. नवसीची बावीस.

तेजलने पुन्हा मोजलं. मी पुन्हा मोजलं. बावीसच.

"काय दिसतं तुला?" मी विचारलं.

ती भिंगाशी बसली आणि मला शेजारी बोलावलं. "दोन्ही कुशींत एकेक फिकट वळी हाय बघा. पुढं जाते आणि पाठीकडून मागं वळते. चांगलीची वळी टोकापर्यंत भरलेली. वाइटाची टोकाशी जरा सैल. पिशवीत धान कमी असलं तर कोपरा कसा पडतो, तेवढंच."

त्या वळ्या म्हणजे बीजपेशींची घरं. एकतीस वर्षं मी त्या फळ्यावर काढत आलो आहे, रंगीत खडूने. आणि त्यांचा कोपरा सैल पडलेला मला दिसत नव्हता. मी डोळा लावला, काढला, चष्मा पुसून पुन्हा लावला. सगळ्या सारख्या. एका बाजूला माझं हसं होत होतं, आणि तरी मला इतका आनंद कधी झाला नव्हता. एकाच घराण्याच्या, तंतोतंत सारख्या पोरी. त्यांच्या जनुकांत एका अक्षराचा फरक नाही. तरी एकीच्या बीजपेशीला आपण कोण ते अजून आठवतंय आणि दुसरीची विसरत चालली आहे. आणि ते आठवणं नि विसरणं बोईसरच्या पट्ट्यावरून आलेल्या एका बाईला नुसतं भिंगातून दिसतंय.

पुण्याला पत्र लिहून सारांश मागे घेतला. दोन वाक्यांचं पत्र, अख्खी सकाळ गेली. प्रयोग नव्याने मांडायचा ठरला. खाणं सगळ्यांना एकच. दहा घराणी निवडून चालवायची, दहा न निवडता. निवडायची कुणी हा प्रश्नच नव्हता. न निवडता कुणी, हा होता. तेजलला आता प्रबंध लिहायला बसवायचं होतं. मी नवसीला म्हटलं, "तीही तूच घे. डोळे मिटून उचलायच्या."

"नाय जमायचं सर. मी वचन देईन, पण हात नाय ऐकायचा. मला काढा पायजे तर. पण खोटं काम नाय होणार माझ्याच्यानं."

शेवटी मीच म्हटलं, "आंधळी घराणी मी घेतो. या खोलीत त्या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही." तेजल तोंडाला ओढणी लावून हसली.

पण एक गोष्ट मी बजावून सांगितली. मुदतवाढीचा कागद माझ्याकडे आला होता. नवसीने माझ्या प्लेटांना हात लावला किंवा मला नुसती खूण जरी केली, तर हाही प्रयोग वाया, आणि मग मला त्या कागदावर सही करता येणार नाही. "कळलं?" मी विचारलं. तिने मान हलवली. पट्टा तिथेच होता, बोईसरला, अर्ध्या तासावर. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

जानेवारीपासून आम्ही शेजारी शेजारी बसून काम केलं. नोंदीसाठी माझ्या भिंगाला कॅमेरा जोडला होता, त्यामुळे माझी प्लेट आमच्या मधल्या पडद्यावरही दिसायची. मी कुठल्याही सहा उचलायचो. ती बघून बघून सहा उचलायची. माझी घराणी आठव्या पिढीपासून एकेक करून संपत गेली. एखादी प्लेट टाकून देताना मला खरोखर वाईट वाटायचं. नवसी तेवढ्यापुरती उठून बाहेर व्हरांड्यात जायची आणि पाणी पिऊन परत यायची. तिची दहाही घराणी नांदत होती. फेब्रुवारी सरता सरता माझं दहावं आणि शेवटचं घराणं चौदाव्या पिढीत संपलं. प्लेटवर सहा अळ्या, आरपार, रिकाम्या, सावकाश सरपटणाऱ्या.

मी तिथेच कागदावर सही केली आणि तो तिच्या हातात द्यायला वळलो. पण ती माझी ती शेवटची प्लेट आपल्या भिंगाखाली घेऊन बसली होती. आता हात लावायला हरकत नव्हती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"हे घराणं सातव्या पिढीत वाचलं असतं, सर," ती म्हणाली. "त्या दिवशी प्लेटच्या डाव्या कडेला तीन चांगल्या होत्या. भरलेल्या. तुमची तार दोनदा त्यांच्या अंगावरून गेली."

सातवी पिढी म्हणजे तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे ही बाई माझ्या कोपराला कोपर लावून बसली होती आणि वंश बुडताना बघत होती.

"तुला शेजारून दिसत होतं?" मी विचारलं. "आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुमचा हात तिकडं वळला असता," नवसी म्हणाली.